गोळी सुटली, जेल लागलं

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सकाळी आमची आक्का चुलीपुढे बसली होती. पालथं खापर तापलेलं. पुरण भरलेला सैल उंडा ती दोन्ही हातांवर खेळवत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवत होती. खापराच्या पोळीला पोळपाट-लाटणं लागत नाही, बाईचे हात हेच पोळपाट. पाचव्या पोळीला तिचा चेहरा एकदम लालबुंद झाला, मानेवरून घामाच्या धारा लागल्या, आणि ती उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

"आंगनी नुसती आग आग व्हई राह्यनी," ती म्हणाली. "ते जेल काही कामनं नही. गोळीच बरी व्हती."

आक्काची पाळी जाऊन तीन वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं ती या वाफांसाठी, म्हणजे अंगाची अशी एकाएकी आग होते त्यासाठी, हार्मोनच्या गोळ्या घेत होती. रक्तात ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेले निघाले म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करून जेल दिलं. ("आते या वयमा माले जेलमा धाडतस का?" हा विनोद तिने तिथेच करून घेतला.) त्याला तीन आठवडे झाले होते. मी विचारलं, लावतेस कुठे? तिने हात पुढे केला. पहाटे आंघोळ झाली की मनगटापासून वर खांद्यापर्यंत, आणि ते वाळायच्या आत भाकरीचं पीठ. म्हणजे रोज थोडं औषध कळण्याच्या भाकरीत आणि त्या दिवशी पुरणपोळीत. किती, ते मोजायला कोणी गेलं नाही. मी मात्र तिला आधी साबणाने हात धुवायला लावले.

जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं, तासभर तिथे पाणी लागू द्यायचं नाही आणि नातवंडाला त्या कातडीवर घेऊन बसायचं नाही. हे पत्रकात असतंच. पण पत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि आमच्याकडे जेलची ट्यूब घरी आली की खोकं बंबात जातं. आक्का आता रात्री मांडीला लावते.

गोळी आणि जेल यांत औषध एकच, एस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा एक प्रकार. फरक वाटेचा. पोटातून गेलेलं एस्ट्राडायॉल रक्तात मिसळण्याआधी यकृतातून जातं. तिथे त्यातलं बरंचसं एस्ट्रोन नावाच्या सौम्य भावंडात बदलतं, आणि जाता जाता यकृताला कामाला लावतं: ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्त गोठवणारी काही प्रथिनं जास्त तयार होतात. कातडीतून गेलेलं औषध ही वाट टाळतं. म्हणून नेहमीच्या मात्रेत जेलने पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला दिसत नाही, गोळीने तो थोडा वाढतो. नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या ज्या बायांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी हार्मोनचा विषय निघाला की डॉक्टरांना आपला आजार पहिल्यांदा सांगावा, कारण त्या आजारात रक्त मुळातच गुठळीकडे झुकलेलं असतं.

आणि म्हणूनच गोळीचे मिलिग्रॅम आणि जेलचे मिलिग्रॅम शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. जेलच्या दीड मिलिग्रॅममधला साधारण दहावा हिस्साच आत पोचतो, तोही प्रत्येकीच्या कातडीप्रमाणे कमीजास्त. 'दोनची गोळी होती, आता दीडचं जेल दिलं, औषध कमी केलं' हा हिशेब आक्काने केला होता. मेडिकलवाल्यानेही मान डोलावली होती.

आता वाफांकडे येऊ. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी उगाच चेकाळतात आणि तापमानाची जी थोडी ढील शरीराला असते ती संपते. ज्या बायांना वाफा येत नाहीत त्यांच्यात ही ढील सुमारे ०.४ अंश सेल्सिअस असते. ज्यांना येतात त्यांच्यात जवळजवळ शून्य. शरीर जरासं तापलं की मेंदू आग लागल्यासारखा घाम सोडतो. भुसावळ-जळगावला वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर चूल. औषधाची मात्रा थोडी जरी कमी पडली तरी ती आधी तिथेच कळणार.

पण प्रत्येक त्रास कमी मात्रेचा नसतो, आणि घोळ इथेच होतो. औषध बदललं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात: जुनं उतरत असतं, नवं चढत असतं, आणि नव्याची मात्रा आपल्याला पुरते की नाही हे ठरायचं असतं. तिन्हींचा त्रास वरून सारखाच दिसतो. डोकं दुखतं, स्तन ठणकतात, झोप उडते, चिडचिड होते. वेगळे पडतात ते तारखेने.

पहिल्या काही दिवसांतली डोकेदुखी बहुधा उताराची. ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७२ साली दाखवलं होतं की अर्धशिशी उठवते ती इस्ट्रोजेनची पातळी खाली येणं. म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल, तर गोळी संपल्यावर मध्ये खाडे पडू देऊ नयेत. बोलायला सोपं आहे. आक्काच्या तालुक्याला जेल मिळालं नाही, भाचा जळगावहून घेऊन आला तोवर चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांचं डोकं तिने जेलच्या नावावर लिहिलं. ट्यूब उघडलीसुद्धा नव्हती!

स्तन भरून येणं, मळमळ, पोट फुगणं हे चढावाचं. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींचं ओसरतं. वाफांवर नव्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायलाही आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी निकाल लावण्यात आणखी एक अडचण आहे. वाफांवरच्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून २००४ साली पाहिल्या, तेव्हा नुसत्या खोट्या गोळीनेही वाफा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. खऱ्या औषधाने त्याहून कितीतरी जास्त, हे खरं. पण मन आणि काळ दोघेही यात हात घालतात, एवढं त्यातून कळतं. 'हे मला मानवणार नाही' असं ठरवून सुरू केलेलं औषध दुसऱ्या दिवसापासून बाधतं.

आक्काच्या जेलबरोबर रात्रीची प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची कॅप्सूलही आली होती. आधीच्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं दुसरं औषध होतं, तिने कधी चक्कर आली नव्हती. ही कॅप्सूल घेतली आणि भिंत धरून चालायची वेळ आली. कारण ठरलेलं आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं, आणि ते मेंदूत झोपेच्या गोळ्यांच्याच जातीचं काम करतं. जेवणाबरोबर घेतली तर कॅप्सूल रक्तात आणखी जोरात चढते. आक्का ती वरणबट्टीवर वाटीभर तूप ओतून जेवण चालू असतानाच घेत होती, आणि मग ओट्यावर भांडी घासायला उभी राहत होती. जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, अंथरुणावर बसून घ्यायला लागल्यावर तिचीच झोप सुधारली. सगळ्यांचं असं होत नाही. काही जणींना याच रेणूने उलट चिडचिड होते, उदास वाटतं. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही त्यात आलं. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. ज्यांना दाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तेवढं विचारून घ्यावं.

एक गोष्ट मात्र फार बाया करतात आणि ती घातक आहे. चक्कर येते म्हणून कॅप्सूल गुपचूप सोडून द्यायची आणि जेल चालू ठेवायचं. पिशवी (गर्भाशय) काढलेली असेल तर कॅप्सूल सहसा लागतच नाही. पण पिशवी जागेवर असेल, तर एकट्या इस्ट्रोजेनने तिचं अस्तर वाढत राहतं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. १९७५ साली अमेरिकेत हे उघड झालं, तेव्हा तिथल्या असंख्य बाया वर्षानुवर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या. कॅप्सूलचा त्रास होतो तर तो बोलून दाखवावा, लपवू नये.

रोज दोन्ही हार्मोन घेण्याच्या पद्धतीवर आल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून कपड्याला डाग लागू शकतात. त्यापुढे लागत राहिले, किंवा सगळं थांबून महिने लोटल्यावर पुन्हा लागले, तर सोनोग्राफी करून घ्यावीच. 'उष्णतेने झालं असेल' हे आमच्याकडचं सगळ्यांत महागात पडणारं वाक्य आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, यांसाठी तर सकाळ होण्याचीही वाट पाहायची नाही.

आठव्या आठवड्यात वाफा बऱ्याच कमी झाल्या होत्या आणि आक्काच्या छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायचे, वजन उतरलं. सगळ्यांनी जेलकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासायला सांगितलं, आणि चोर तिथे सापडला. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृताकडून थायरॉइड हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन जास्त करवून घेतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिची थायरॉइडची गोळी पन्नासवरून पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची करावी लागली होती. इस्ट्रोजेनची गोळी गेली, ते प्रथिन उतरलं, आणि तीच पंचाहत्तरची गोळी आता जास्त व्हायला लागली. पुन्हा पन्नासवर आल्यावर धडधड गेली. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कोणीही हार्मोन बदललं की दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघावं. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधं गोळीतलं इस्ट्रोजेन भराभर मोडून टाकतात, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच दवाखान्यात न्यावी.

हे सगळं लागलं ते आक्काच्या कॅलेंडरमुळे. मी तिला म्हटलं होतं, रोज एक अक्षर लिही: वाफ आली की 'वा', डोकं दुखलं की 'डो', धडधडलं की 'ध', आणि ट्यूब बदलली त्या दिवशी फुली. तिने वेगळी वही केली नाही. जिथे दुधाचा हिशेब लिहायची त्याच चौकोनांत लिहिलं. डॉक्टरीणबाई चष्मा वर करून बराच वेळ महिने चाळत होत्या. मग म्हणाल्या, "बाकी समजलं आक्का, पण हे रोज 'दू' कशाचं आहे? आणि रविवारी दोनदा?"

"ते दूध शे," आक्का म्हणाली. "रविवारले जावई येतस."