कोणाची चाचणी करायची? साथीच्या आकड्यांमागचा जुना वाद

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या दुकानदारांना एक टक्केवारी तोंडपाठ झाली होती. ४ जूनच्या शासन आदेशाने कोरोनाच्या निर्बंधांचे पाच स्तर पाडले होते. जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट पाचच्या खाली आणि ऑक्सिजन बेड पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. दर पाच ते दहाच्या दरम्यान असेल किंवा ऑक्सिजन बेड चाळीस टक्क्यांहून जास्त भरले असतील तर तिसरा स्तर, दुकानं चारला बंद. वीसच्या वर गेलात की पाचवा. गुरुवारी आकडे यायचे आणि सोमवारपासून स्तर लागू व्हायचा. हॉटेलवाला रात्रीचं जेवण वाढू शकेल की नाही, हे दशांश चिन्हापुढच्या अंकावर ठरत होतं.

या दराचं गणित चौथीतलं आहे: पॉझिटिव्ह भागिले एकूण चाचण्या. खोच छेदात आहे. समजा, जिल्ह्यात ताप-खोकल्याच्या हजार लोकांची चाचणी झाली आणि शंभर पॉझिटिव्ह निघाले, तर दर दहा टक्के. त्याच आठवड्यात बाजारपेठेतल्या आणखी दीड हजार धडधाकट माणसांचे स्वॅब घेतले आणि त्यात वीस पॉझिटिव्ह निघाले, तर दर ४.८ वर येतो. आजार तेवढाच, उलट वीस रुग्ण वाढलेले, आणि जिल्हा मात्र वरच्या स्तरातून खाली. खोटं कोणी काहीच केलेलं नाही. तीनच आठवड्यांत, २५ जूनला, सरकारने नवा आदेश काढून सांगितलं की दर ठरवताना फक्त प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर चाचणी धरायची, झटपट होणारी अँटिजेन नाही. आणि विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या रूपाच्या धास्तीने तिसऱ्या स्तराखाली कोणालाच जाता येणार नाही.

म्हणजे कोणाची आणि कोणती चाचणी करायची हे ठरवणारा नियम उद्याचा आकडाही ठरवत असतो. २०२० मध्ये हे पुष्कळांना नव्याने कळलं, पण आपल्याकडे हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्रॅक्टिस करणारे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं निदान केलं, तेव्हा पहिला झगडा रोगाला नाव देण्यावरूनच होता. बंदराचं शहर, प्लेग म्हटलं की जहाजं अडणार, व्यापार बसणार. पुढे सक्तीची झडती आणि विलगीकरण सुरू झाल्यावर लोक रोगी लपवू लागले आणि प्लेगचे मृत्यू साध्या तापाच्या रकान्यात जाऊ लागले. चाचणी वगैरे काही हाताशी नसताना खरा अंदाज घ्यायचा एक मार्ग उरला: महापालिकेच्या मृत्यूनोंदी घ्यायच्या आणि नेहमीच्या वर्षांपेक्षा किती जास्त माणसं मेली ते पाहायचं. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा याच साथीतला. २०२० मध्ये आपल्यावरचे निर्बंधही त्याच कायद्याखाली आले. पुण्यातल्या झडत्या, रँड आणि चाफेकर हा भाग मराठी वाचकाला सांगायला नको.

२००९ मात्र सांगायला हवं, कारण कोविडने ते जवळजवळ पुसून टाकलं आहे.

३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला. दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलबाहेर जी रांग लागली ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. शिंक आलेला, मुलाचं अंग कोमट लागलेला, नुसता घाबरलेला, सगळे एकाच रांगेत, तोंडाला रुमाल किंवा दुप्पट-तिप्पट भावाने घेतलेला मास्क. शाळा, मॉल, थिएटर बंद. नमुने तपासायचे तर गावातलीच एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेली ही संस्था तेव्हा देशभरातले नमुने घेत होती. हातातल्या कामाचा डोंगर एवढा की रिपोर्ट येईपर्यंत ताप उतरलेला असायचा.

केंद्राने त्याच महिन्यात उत्तर काढलं: रुग्णांचे अ, ब, क असे गट. अ म्हणजे सौम्य ताप-खोकला. चाचणी नाही, घरी बसा. ब म्हणजे जास्त ताप किंवा आधीचा एखादा आजार. गरज वाटल्यास टॅमिफ्लू हे औषध, पण चाचणी नाहीच. क म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं. लगेच दाखल करा आणि चाचणी करा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलैतच सांगितलं होतं की साथ पसरलेल्या देशांनी एकेक रुग्ण मोजत बसण्याची गरज राहिलेली नाही. वैद्यकीयदृष्ट्या हे शहाणपणाचं होतं, असं माझं मत आहे. पण त्या दिवसानंतर पेपरात येणारा बाधितांचा आकडा आणि आदल्या आठवड्यातला आकडा या दोन वेगळ्या वस्तू झाल्या, आणि हे पेपरात कोणी छापलं नाही. रांग ओसरली, आकडे शांत झाले, गणपती आले. साथ किती ओसरली आणि मोजणी किती ओसरली हे वेगळं काढायची सोय उरली नव्हती.

अकरा वर्षांनी नाटक तेच, रंगमंच देशभर. केरळात ३० जानेवारी २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हाचा नमुनाही एनआयव्हीनेच तपासला होता. महाराष्ट्रातले पहिले दोन ९ मार्चला पुण्यात, दुबईहून परतलेलं जोडपं. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, चाचणीचा तेव्हाचा नियम म्हणजे परदेशातून आलेले आणि लक्षणं असलेले, किंवा बाधिताच्या संपर्कातले. या नियमात स्थानिक प्रसार सापडणं तत्त्वतःच अवघड होतं, कारण जो परदेशात गेला नाही आणि गेलेल्याला भेटलाही नाही त्याच्या नाकात काडी जाणारच नव्हती. ‘समूह संसर्ग नाही’ हे रोज सांगितलं जायचं आणि त्याचा पुरावा म्हणून याच चाचण्या दाखवल्या जायच्या. २० मार्चला दाखल झालेले तीव्र श्वसनविकाराचे सगळे रुग्ण यादीत आले, ९ एप्रिलला हॉटस्पॉटमधले ताप-खोकल्याचे, १८ मे रोजी घरी परतणारे लक्षणं असलेले स्थलांतरित मजूर आणि साथ रोखण्याच्या कामातले आघाडीचे कर्मचारी. प्रत्येक तारखेनंतर आलेख थोडा उसळला की लगेच ‘साथ वाढली’ आणि ‘चाचण्या वाढल्या’ असे दोन तट पडायचे. बहुधा दोघेही अर्धे बरोबर असायचे.

याच काळात पैशांचा वाद. २१ मार्चला खासगी प्रयोगशाळांसाठी ४५०० रुपयांची मर्यादा ठरली. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की खासगीतही चाचणी मोफत करा; पाच दिवसांनी ते गरीब आणि आयुष्मान भारतच्या लाभार्थ्यांपुरतं उरलं. मेअखेर मर्यादा निघाली आणि राज्यांवर सोपवलं गेलं. महाराष्ट्राने जूनमध्ये २२०० रुपये केले, घरी येऊन नमुना घेतला तर २८००. मार्च २०२१ संपताना तीच चाचणी ५०० रुपयांत होत होती. किंमत उतरण्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीचाही वाटा होता; २०२० च्या मार्चअखेर मान्यता मिळालेलं ते पहिलं देशी किट. चीनहून आलेल्या रॅपिड अँटिबॉडी किटचं प्रकरण मात्र लाजिरवाणं होतं. एप्रिलच्या मध्यात पाच लाख किट आले, राजस्थानने अचूकता ५.४ टक्के निघाल्याचं कळवलं आणि २७ एप्रिलला आयसीएमआरने राज्यांना ते परत करायला सांगितलं. दरम्यान दिल्ली उच्च न्यायालयात कळलं की २४५ रुपयांना आयात झालेलं किट ६०० ला विकलं जात होतं.

सगळ्यात कडवट भांडण मुंबईत झालं, मे-जून २०२० मध्ये. रोजच्या चाचण्या चार-साडेचार हजारांच्या आसपास अडकल्या होत्या आणि दर चारांत एकाहून जास्त पॉझिटिव्ह निघत होते. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्रांवर पत्रं लिहीत होते की चाचण्या मुद्दाम कमी ठेवल्या जात आहेत. पालिकेचं म्हणणं, बेड आणि माणसं जिथे लागतील तिथे आधी. त्यातच पॉझिटिव्ह रिपोर्ट प्रयोगशाळेने आधी पालिकेला द्यायचा, रुग्णाला थेट नाही, असा नियम होता. बेडसाठीची झुंबड टाळायला हे केलं असेल, पण ज्याच्या नाकातला नमुना त्यालाच निकाल माहीत नाही, ही गोष्ट कोणाला पटणार? जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्ट रुग्णाला किंवा नातेवाइकांना द्या म्हणून सांगितलं. १६ जूनला राज्याने एकदम १३२८ जुने मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. सरकार याला ताळमेळ म्हणालं, विरोधक लपवाछपवी. आणि ७ जुलैला मुंबई पालिकेने डॉक्टरच्या चिठ्ठीची अटच काढून टाकली. चिठ्ठीविना कोणालाही चाचणी करून देणारं हे देशातलं पहिलं शहर. आयसीएमआरने मागेल त्याला चाचणी म्हटलं ते ४ सप्टेंबरला, दोन महिन्यांनी.

त्या दिवसांत आम्ही काही मित्र राज्याचं संध्याकाळचं बुलेटिन क्रिकेटच्या स्कोअरकार्डासारखं वाचायचो. मृत्यूंच्या आकड्याखाली एक बारीक ओळ असायची: यातले इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले, उरलेले त्याआधीचे. चॅनलवर ‘आज इतके बळी’ असं ठळक झळकायचं तेव्हा त्यातले कित्येक दहा-पंधरा दिवसांपूर्वी गेलेले असायचे. सोमवारी रुग्ण घटले म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडले जायचे. घट रविवारी कमी घेतलेल्या नमुन्यांची असायची. राज्यांची अशी बुलेटिनं रोज उघडून, हाताने भरून, कोविड१९इंडिया हे संकेतस्थळ स्वयंसेवकांनी चालवलं, ऑक्टोबर २०२१ संपेपर्यंत. सरकारी आकडे वापरण्याजोगे करण्याचं काम बिनपगारी मुलांनी केलं, एवढं नोंदवून पुढे जातो.

जून २०२० मध्ये अँटिजेन चाचणी आली आणि वादाला नवं वळण मिळालं. अर्ध्या तासात निकाल, पण मान्यता देताना आयसीएमआरनेच सांगितलेली संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के. म्हणजे शंभर बाधितांत निम्मेसुद्धा सुटू शकतात. म्हणून नियम असा की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर कराच. दुसरी पायरी अनेक ठिकाणी गाळली गेली. चाचण्यांचं टार्गेट मात्र वरून यायचंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये बिहारच्या जमुईतल्या नोंदींत चाचणी झालेल्यांच्या मोबाइल नंबरच्या जागी दहा शून्यं सापडली. एप्रिलच्या हरिद्वार कुंभात लाखभर चाचण्या कागदोपत्री निघाल्या. पंजाबातल्या एका माणसाला न केलेल्या चाचणीचा मेसेज आला म्हणून ते उघडकीला आलं. महाराष्ट्राने त्याच सुमाराला वेगळा प्रयत्न केला: आरटीपीसीआरची सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू दिसायला यंत्राच्या जास्तीत जास्त किती फेऱ्या लागल्या तर पॉझिटिव्ह म्हणायचं ती मर्यादा, २४ वर आणता येईल का, असं आयसीएमआरला विचारलं. तसं झालं असतं तर एका पत्राने पॉझिटिव्हांची संख्या घटली असती. उत्तर आलं, नाही, ३५ च राहील.

नमुने निवडूनच मोजायचे असतील तर निवड चिठ्ठ्या टाकून करा, हा सेरो सर्वेक्षणाचा विचार. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई पालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, बाहेर १६ टक्के. नोंदलेले रुग्ण तेव्हा शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आतबाहेर. पुण्यात पाच प्रभागांत ५१.५ टक्के निघाले. चार महिने ज्या आकड्यावर भांडलो तो हिमनगाचं टोकसुद्धा नव्हता. आणि एक उलटाच अर्थ: डॉक्टरची चिठ्ठी आणि पैसे असलेल्यांची चाचणी होत होती, साथ होती दुसरीकडे.

मग १८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यांत स्वॅबचा निकाल यायला दिवस लागत, म्हणून लोक थेट एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, काढायचे आणि स्कोअर विचारायचे. जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत २५० रुपयांचं घरगुती किट हाताशी होतं. निकाल घरातच राहायचा. मुंबईत औषध दुकानांना किट घेणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं गेलं. १० जानेवारीला आयसीएमआरने जाहीर केलं की लक्षणं नसलेल्या संपर्कातल्या व्यक्तींची, धोका जास्त नसेल तर, चाचणी नको. २००९ चे अ, ब, क गट पुन्हा दुसऱ्या नावाने.

मृत्यूंचा हिशेब अजून मिटलेला नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. सरकारी आकडा ४.८ लाख होता आणि सरकारने तो अंदाज फेटाळला. मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचे आकडे आले: २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली हेही खरं, पण एका वर्षात २१ लाखांची उडी निव्वळ सुधारणेची असेल असं मला वाटत नाही.

घरोघरी हा प्रश्न आधीच आला होता, कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीच्या अर्जात. ऑक्टोबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, दाखल्यावर कारण काहीही लिहिलेलं असो. महाराष्ट्राचे अधिकृत मृत्यू २०२१ संपताना १.४१ लाख होते. जानेवारीपर्यंत अर्ज दोन लाखांवर गेले. रिपोर्टच नसलेल्यांसाठी रुग्णालयातल्या तपासण्यांवरून झालेलं निदानही चालणार होतं, जिल्ह्याच्या समितीला पटलं तर. त्या हिवाळ्यात कित्येक घरांत माळ्यावर टाकलेले सीटी स्कॅनचे मोठे लिफाफे पुन्हा खाली काढले गेले.