आर्किटेक्चरला जाण्याआधी कोणता क्लास लावावा? प्रवेश घेण्यापूर्वी हे वाचा

आमच्या आर्किटेक्चरपूर्व क्लासच्या चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात. "ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कधीपासून?" आणि "पोर्टफोलिओ तुम्हीच करून देता ना?" फोनवर घाईत उत्तर दिलं की गैरसमज होतात, म्हणून हे पत्रक.

त्याआधी एक काम घरीच उरकून घ्या. जिथे अर्ज करायचा आहे, त्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या प्रवेशाच्या अटी वाचा. कुठे चित्रकलेची परीक्षा असते, कुठे पोर्टफोलिओ (म्हणजे स्वतःच्या निवडक कामाची फाइल) आणि मुलाखत, तर कुठे फक्त गुण बघतात. गणित किंवा भौतिकशास्त्र सोडायचा विचार असेल तर आधी ते विषय सक्तीचे आहेत का ते तपासा, कारण ती कमी कुठल्याच क्लासने नंतर भरून निघत नाही. प्रवेश फक्त गुणांवर असेल आणि गणित कच्चं असेल, तर आमच्याकडे न येता गणिताची शिकवणी लावा. असं सांगितलं की काही जण परत जातात. चालायचंच.

आता मुख्य मुद्दा. आमचा आणि मुलांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे फोटोवरून चित्रं काढायची सवय. आधीच्या क्लासमध्ये वर्षभर फोटो बघून पोर्ट्रेट आणि इमारती काढलेली मुलं येतात. शेडिंग सुरेख असतं, घरचे कौतुकाने फाइल उघडून दाखवतात. मग आम्ही समोर एक साधं स्टूल ठेवतो आणि म्हणतो, हे काढ.

चारही पायांची टोकं एका सरळ रेषेत येतात. स्टूल जमिनीवर सपाट उभं आहे हे मुलाला माहीत असतं, म्हणून तो माहीत असलेलं काढतो, दिसणारं नाही. प्रत्यक्षात मागचे दोन पाय कागदावर पुढच्यांपेक्षा वर टेकतात. बैठकीच्या गोलाचंही तसंच. उभं राहून पाहिलं की तो गोल उघडा दिसतो, खाली बसून पाहिलं की चपटा होतो, आणि डोळे बैठकीच्या पातळीला आले की नुसती रेघ उरते. फोटोवरून काढताना यातलं काहीच ठरवावं लागत नाही. कुठे उभं राहायचं, डोळ्याची पातळी कुठे, काय गाळायचं, हे सगळं फोटो काढणाऱ्याने आणि लेन्सने आधीच ठरवलेलं असतं. मुलाकडे उरतं ते फक्त उतरवून काढणं. आर्किटेक्चरमध्ये तर जे अजून बांधलेलंच नाही ते काढायचं असतं. त्याचा फोटो कुठून आणणार?

म्हणून आमच्याकडे सुरुवातीचे काही आठवडे मोबाइल पिशवीत आणि खोडरबर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची. पानं घाणेरडी दिसतात, पालकांना ती आवडत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण किती चुकलं हे त्या दोन रेघांमधल्या अंतरावरूनच कळतं. फोटोची सवय लागलेल्या मुलाला कोऱ्या मुलापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आधी जुनं सोडवावं लागतं. चांगली चित्रकला येत असलेल्या मुलालाही आम्ही पहिल्या पायरीवर बसवतो, त्यावरून वाद होतात. स्टूल नीट आलं तर त्याच दिवशी पुढच्या गटात घेतो.

सॉफ्टवेअरबद्दल. आम्ही ते शिकवतो, पण शेवटी. कारण जिन्यात दिसतं. समजा मजल्याची उंची 3 मीटर आहे. 18 रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, धरले तर एकेक सुमारे 167 मिलिमीटरचा येतो. ट्रेड, म्हणजे पाऊल टेकायची जागा, 280 धरू. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून 614 मिलिमीटर. ही बेरीज साधारण 600 ते 640 च्या आत असली की जिना पायांना सुखाचा वाटतो. माणसाच्या पावलावर बेतलेला हा हिशोब 17व्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेलने मांडला. वरची पायरी म्हणजे मजलाच, त्यामुळे 18 रायझरना 17 ट्रेड. सरळ जिना 4.76 मीटर लांब झाला. 4 मीटरच्या खोलीत तो मावत नाही.

सॉफ्टवेअर आधी शिकलेला मुलगा काय करतो? तयार जिना उचलून आणतो, बसत नाही म्हणून ओढून 3.4 मीटरचा करतो आणि खुशीत रंग भरायला लागतो. ट्रेड 200 मिलिमीटरवर आली, म्हणजे उतरताना टाच टेकली की चवडा हवेत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पडद्यावर हवं तेवढं झूम करता येतं, त्यामुळे तिथे कशालाच आकार उरत नाही. ज्याने टेप घेऊन खरा जिना मोजलाय आणि 1:50 च्या स्केलने, म्हणजे पन्नासपट लहान, हाताने काढलाय, त्याला ती 4 मिलिमीटरची ट्रेड काढतानाच खटकते. हाताला माप बसलं की सॉफ्टवेअरच्या कमांड पटकन येतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी त्या शिकवतातच.

आम्ही कागदाच्या घड्याही घालायला शिकवतो. "कागद दुमडायला शिकायचे पैसे द्यायचे का?" असंही विचारलं जातं. हो. 1919 मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत सगळ्यांनाच आधी पायाभूत वर्ग करावा लागे. तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स कागदाच्या घड्या घालायला लावत आणि कमीत कमी साहित्य वाया घालवायला सांगत. आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग तर तिथे 1927 मध्ये आला. आमचा पहिला कागदाचा धडा साधा आहे. एक पट्टी दोन पुस्तकांवर आडवी टाका, ती स्वतःच्याच वजनाने लोंबते. तिलाच लांबीत घडी घालून इंग्रजी व्हीसारखी करा, आता ती पेन्सिल तोलते. तुळई रुंद असण्यापेक्षा खोल, म्हणजे उभ्या मापात जास्त, का असते, हे इथे हाताला कळतं. पुढे कॉलेजात सूत्र येतं तेव्हा ते ओळखीचं निघतं: रुंदी तीच ठेवून खोली दुप्पट केली की वाकायला विरोध आठपट होतो. भौतिकशास्त्रातलं बल आणि बलाघूर्ण, गणितातले समरूप त्रिकोण आणि त्रिकोणमिती, एवढं पक्कं असलं की पहिल्या वर्षाला फार घाबरायचं कारण नाही.

पोर्टफोलिओ आम्ही "करून" देत नाही. मुलाच्या कागदावर आमची पेन्सिल टेकत नाही. दुरुस्ती दाखवायची तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दाखवतो आणि तो कागद काढून घेतो. सरांचा हात फिरलेलं चित्र जाणकाराला लगेच ओळखू येतं. मुलाखतीत "हे काढताना तू कुठे बसला होतास?" असं कोणी विचारलं की मुलगा गप्प होतो. निवड, क्रम, मांडणी यात मात्र आम्ही पूर्ण मदत करतो. मुदत तोंडावर आली असेल तर फक्त याच कामासाठी या, पूर्ण कोर्स तुमच्या माथी मारणार नाही.

कुठलाही क्लास बघायला गेलात, आमचासुद्धा, तर भिंतीवर लावलेली चित्रं बघून ठरवू नका. एकाच विद्यार्थ्याची पहिल्या आणि शेवटच्या महिन्याची पानं शेजारी शेजारी मागा. मॉडेल कापायचं टेबल वापरातलं आहे का, त्यावर कटरच्या खुणा आहेत का, ते पाहा. एका गटात किती मुलं आणि प्रत्येकाच्या पानाशी शिक्षक किती वेळ थांबतात, ते तास बसूनच कळतं. आमच्याकडे प्रवेशाआधी एक पूर्ण सत्र बसून बघता येतं, त्याचे पैसे नाहीत.

त्या सत्राला येताना जुनी पानं न निवडता, फसलेलीसुद्धा, घेऊन या. एचबी आणि टूबी पेन्सिल, मोजायची टेप आणि न आखलेली वही पुरे. महागडा ड्रॉइंग सेट आधी घेऊ नका, कशाची गरज आहे ते स्टूल काढून झाल्यावर सांगू.