युरोपची ‘पाहायलाच हवीत’ अशी ठिकाणं ठरवली कोणी?

पॅरिस, स्वित्झर्लंडमधला एखादा बर्फाचा डोंगर, पिसाचा कलता मनोरा, फ्लोरेन्स, रोम, व्हेनिस. आठ-दहा दिवसांच्या युरोप सहलीचं कुठलंही पत्रक उघडा, नावं थोड्याफार फरकानं हीच. आई-बाबांसाठी असं एक पत्रक घेऊन बसलो, तेव्हा कशावर काट मारावी तेच कळेना. मग ही नावं यादीत कधी आणि का शिरली ते शोधत गेलो. निवड त्यामुळेच सोपी झाली.

यादीचा सांगाडा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांतली मुलं शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून युरोपात जात. सोबत शिक्षक आणि नोकर असत, आणि प्रवास महिनोन्‌महिने, कधी दोन-तीन वर्षंही चाले. रिचर्ड लॅसल्स या धर्मगुरूच्या १६७० च्या पुस्तकात या प्रवासासाठी ‘ग्रँड टूर’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. पॅरिसला नाच, तलवारबाजी आणि दरबारी रीतिरिवाज शिकायचे. मग आल्प्स ओलांडून फ्लोरेन्स, रोम, नेपल्स, व्हेनिस. लहानपणापासून लॅटिन घोकलेल्या मुलासाठी रोम म्हणजे पुस्तकात वाचलेलं सगळं समोर उभं. १७४८ मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं आणि नेपल्सचं महत्त्व आणखी वाढलं.

यात आल्प्स कुठेच नव्हता. तो वाटेतला अडथळा होता. मों सनीच्या घाटात बग्गीचे भाग सुटे करून खेचरांवर लादत आणि प्रवाशांना खुर्चीत बसवून हमाल उचलून नेत. १७३९ च्या नोव्हेंबरात होरेस वॉलपोल हा तरुण आल्प्समधून चालला होता. त्याचा टोरी नावाचा छोटा, लाडका कुत्रा पाय मोकळे करायला म्हणून गाडीबाहेर सोडलेला. भर दुपारी, लख्ख उन्हात, झाडीतून लांडगा आला आणि टोरीला उचलून घेऊन गेला. त्याच प्रवासात त्याचा मित्र, कवी थॉमस ग्रे, मात्र तिथले कडे आणि धबधबे पाहून भारावून घरी पत्रं लिहीत होता. डोंगराकडे पाहण्याची नजर बदलत होती. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार आल्प्समधल्या सर्वांत उंच मों ब्लांच्या माथ्यावर पोचले, आणि पुढे तर लोक खास आल्प्ससाठीच येऊ लागले.

नेपोलियनची युद्धं १८१५ मध्ये संपली. आता मध्यमवर्गही निघाला. त्याच्याकडे वर्षं नव्हती, आठवडे होते, त्यामुळे निवड आली. मारियाना स्टार्क या लेखिकेनं आपल्या मार्गदर्शिकेत चित्रा-शिल्पांपुढे उद्‌गारचिन्हं छापली. जितकी चिन्हं जास्त, तितकी कलाकृती थोर. लंडनच्या जॉन मरेनं १८३६ मध्ये युरोप खंडाची मार्गदर्शिका काढली. पाठोपाठ जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकरच्या लाल पुस्तकांतले तारे प्रसिद्ध झाले. वेळ कमी असेल तर तारा पाहावा आणि निघावं. ‘मस्ट सी’चा जन्म माझ्या मते इथला.

१८६३ च्या जूनमध्ये थॉमस कुकनं स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. तिच्यातल्या जेमायमा मॉरेल या यॉर्कशरच्या तरुणीनं लिहिलेली रोजनिशी सुदैवानं टिकली. आगगाडी, बोट, खेचर आणि बरीच पायपीट. लांब झग्यात गेमी खिंड ओलांडायची आणि पहाटे उठून रिगी डोंगरावरचा सूर्योदय पाहायचा. त्याच रिगीवर १८७१ मध्ये दातेरी रुळांची गाडी गेली. पुढे आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून १६ वर्षं बोगदा खणला गेला आणि १९१२ मध्ये गाडी युंगफ्राऊ शिखराजवळच्या खिंडीत ३,४५४ मीटरवर पोचली. सुंदर डोंगर आल्प्समध्ये शेकड्यांनी आहेत; यादीत आले ते मुख्यतः सत्तरीच्या गुडघ्यांनाही पोचता येतं असे. ही सोय मी फार मोठी मानतो.

पुढचं आपल्याला माहीत आहे. काश्मीर अशांत झाल्यावर हिंदी सिनेमाची गाणी स्वित्झर्लंडला आणखीच वळली. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे. शेंगेन करार १९९५ मध्ये अमलात आला, एकाच व्हिसावर अनेक देश होऊ लागले आणि पत्रकांतली देशांची संख्या फुगली. ‘फोटो स्टॉप’ हा शब्द पत्रकात नीट वाचावा: बस थांबते, फोटो काढायचा, परत बसायचं. आत जाणं त्यात नसतं.

शोधताना एक नाव सापडलं आणि मी थबकलो. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना युरोप पाहत फ्लोरेन्सला पोचले आणि तिथेच ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, मेघडंबरीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलालाही इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. माझ्यासमोरच्या पत्रकात ही जागा नव्हती.

आई-बाबांच्या यादीतून पिसा काढलं, ब्रसेल्स काढलं. युंगफ्राऊ ठेवलं, कारण आईला बर्फ हवा आहे. फ्लोरेन्सला एकाऐवजी दोन रात्री घेतल्या. दुसऱ्या सकाळी तिथल्या ‘काशीने’ नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला, त्या छत्रीपर्यंत जायचं ठरलंय. बाबा कोल्हापूरचे, ते म्हणाले फुलं तिथेच कुठे मिळतात का बघ.