एकट्याच्या खांद्यावरचं सॉफ्टवेअर: ओपन सोर्समधल्या बर्नआउटची पार्श्वभूमी

सोलापुरात स्वयंसेवक म्हटलं की पहिलं नाव येतं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. १९१० साली इथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. बाकीचे यथावकाश परतले, ते राहिले. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. युद्धात हे समजण्यासारखं आहे. पण ‘रात्र जागून काढतो तोच खरा कार्यकर्ता’ ही मोजपट्टी आपण गणेश मंडळापासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळीकडे लावतो, आणि तिथे घोळ होतो.

बर्नआउटचा, म्हणजे कामाने माणूस आतून करपून जाण्याचा, पहिला गाजलेला अभ्यास झाला तोही स्वयंसेवकांवरच. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे उत्साहाने आलेली माणसं साधारण वर्षभरात बदलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. सर्दी हटत नाही, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून राग येतो, आणि सगळ्यांत आधी करपतो तो सगळ्यांत जास्त झोकून देणारा. १९७४ च्या लेखात त्यांनी उपायही सांगितले: कामं आलटूनपालटून द्या, तासांना मर्यादा घाला, माणूस दमलेला दिसला की त्याला सुट्टीवर पाठवा. गंमत म्हणजे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती. ज्यांच्यामुळे हा विषय सुरू झाला ते बिनपगारी लोकच कागदोपत्री बाहेर राहिले.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, हा प्रश्न ठळकपणे दिसला तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला हा प्रकल्प १९९८ पर्यंत इतका फोफावला की लोकांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, हरवू लागले. पुन्हा पुन्हा पाठवा, तरी उत्तर नाही. वादावादी झाली, टोरवाल्ड्स चिडून काही दिवस बाजूला झाला. ‘माणूस एकच आहे, तो मोठा कसा करणार?’ असा त्या भांडणाचा सूर होता. त्यातून आधी कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं बिटकीपर नावाचं साधन आलं, आणि त्याचा फुकट वापर बंद झाल्यावर २००५ मध्ये त्याच कामाचं गिट. आज कॉलेजातली पोरं पहिल्या वर्षी जे गिट शिकतात, त्याच्या मुळाशी एका माणसावरचा भार हेही एक कारण आहे.

पैशाचा मुद्दा ऐरणीवर आला एप्रिल २०१४ मध्ये, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली फट सापडल्यावर. बँकांपासून सरकारी संकेतस्थळांपर्यंत ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या, आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. मग मोठ्या कंपन्या धावल्या. लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने प्रत्येकीने वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षांसाठी, कबूल केले. भारतातून झिरोदा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला. हे सगळं हवंच. तरी माझं मत असं की पैसा दुखण्याच्या अर्ध्याच भागावर लागू पडतो.

दुसरा अर्धा भाग एक्सझेडच्या प्रकरणात दिसतो. फाइली आकसून लहान करणारं हे छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं, आणि फिनलंडमधला एक प्रोग्रॅमर ते वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली: पॅच का घेत नाहीस, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. आपली मानसिक प्रकृती बरेच दिवस बरी नाही आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. मदतीला ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा एक जण होताच. नम्र, कामसू, नेहमी हजर. हळूहळू सूत्रं त्याच्याकडे गेली आणि त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. घुसखोराने कोडमधली फट शोधली नव्हती, माणसाचा थकवा हेरला होता.

भार टाकणारे नेहमी दुष्टच असतात असंही नाही. लोकांनी ओपन सोर्समध्ये यावं म्हणून ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० साली चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांवर, टी-शर्ट मिळणार होता. एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओत ती कशी टाकायची हे दाखवलं, आणि प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे दोन शब्द घुसडणाऱ्या विनंत्यांचा पूर आला. प्रत्येक विनंती कुणीतरी उघडून, वाचून, बंद करायची. आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी आहे तेवढ्यांतच भाग घेता येईल असं करावं लागलं. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी ओपन सोर्समध्ये जरूर यावं. फक्त कुणी नोंदवलेला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, आपल्या मशीनवर होतो का ते बघून नीट पायऱ्या लिहून देणं हे टी-शर्टाच्या चार पुल रिक्वेस्टपेक्षा मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, जास्त कामाचं असतं.

राहिला प्रश्न जबाबदारीतून बाहेर पडण्याचा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत जड नंदीध्वज पेलणारा कितीही दमदार असो, पुढचा पेलणारा शेजारी तयार असतो, आणि त्यासाठी संक्रांतीच्या आधीपासून सराव चालतो. ओपन सोर्समध्ये अशी सोय फार थोड्यांनी केली. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात जुनी पद्धत आहे: सांभाळायला घेतलेलं पॅकेज, म्हणजे त्यातलं एखादं सॉफ्टवेअर, झेपत नसेल तर तसं जाहीर यादीत नोंदवायचं. ‘मदत हवी’, ‘कुणी दत्तक घ्या’ आणि ‘अनाथ’ अशा वेगवेगळ्या नोंदी असतात, म्हणजे पूर्ण कोसळण्याआधीच बोलता येतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं उलट झालं. तिचे जनक गिडो व्हान रॉसम जवळजवळ तीस वर्षं अंतिम निर्णय देत होते. जुलै २०१८ मध्ये एका छोट्याशा व्याकरणबदलावरच्या कडवट वादानंतर ते पायउतार झाले, वारस न नेमता. काही महिने चर्चा चालली आणि २०१९ मध्ये पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आलं, जे भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नव्याने निवडलं जातं.

जिथे पुढचा खांदा मिळतच नाही तिथे काय करायचं, याचं ताजं उदाहरण इनग्रेस एनजिनएक्सचं. कुबरनेटीस ही अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रणा वापरणाऱ्या असंख्य कंपन्यांची इंटरनेटवरची रहदारी या सॉफ्टवेअरमधून जाते, आणि ते सांभाळत होते एक-दोन जण, तेही नोकरी संपल्यावर आणि शनिवार-रविवारी. मदतीची हाक देऊन झाली, फारसं कुणी आलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुबरनेटीस प्रकल्पाने सरळ जाहीर केलं की मार्च २०२६ नंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत, सुरक्षेच्याही नाहीत. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण वापरणाऱ्यांना दुसरी सोय बघायला चार महिने मिळाले.