पार्श्वभूमी : ‘एक्स’ शिक्का आणि पोटासाठी काम करणाऱ्या नट्या

धडपडणाऱ्या नटीची कहाणी युरोपीय सिनेमाने पूर्वीही सांगितली होती. १९५३च्या एका इटालियन चित्रपटात दुकानात काम करणारी पोरगी नटी होते, जोन ऑफ आर्क साकारायला जाऊन तोंडघशी पडते आणि अखेर हलक्या भूमिका पत्करते. १९७५च्या फ्रान्समध्ये मात्र या कहाणीला वेगळी धार आली. आदल्या वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष सेन्सॉरची कात्री बोथट करण्याचं आश्वासन देऊन निवडून आले होते. कलात्मक चित्रपट आणि उघडेनागडे चित्रपट एकाच थिएटरांत लागू लागले होते.

फेब्रुवारी १९७५मध्ये ‘लँपॉर्तां से देमे’ हा फ्रेंच चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातली नायिका स्वस्त चित्रपटाच्या सेटवर असते. समोर छायाचित्रकार दिसताच ती त्याला विनवते, फोटो काढू नका, मी चांगली नटी आहे, हे फक्त पोटासाठी करते. ही भूमिका करणाऱ्या नटीला एप्रिल १९७६मध्ये फ्रान्सच्या नव्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान मिळाला.

या दोन तारखांच्या मधे, ३० डिसेंबर १९७५ रोजी, अर्थसंकल्पाच्या कायद्यातून अश्लील चित्रपटांसाठीचा ‘एक्स’ वर्ग आला. बंदी नको, कर लावा, असा तो मार्ग होता. नफ्यावर विशेष वसुली, ३३ टक्क्यांच्या घरातला मूल्यवर्धित कर, सरकारी मदत बंद आणि फक्त याच चित्रपटांसाठी राखीव थिएटरं. वसुलीचा पैसा जाणार होता चित्रपट उद्योगाच्या साहाय्य निधीत, म्हणजे ज्या निधीचं दार या चित्रपटांना बंद होतं त्यातच. मुलांचं रक्षण हे समर्थकांचं कारण खोटं नव्हतं. पण अश्लील म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलंच नाही. निवाडा चित्रपट तपासणाऱ्या समितीच्या सल्ल्याने मंत्र्यांच्या हाती राहिला. हिंसेला चिथावणी देणारे चित्रपटही त्याच कप्प्यात टाकता येत होते.

याचा सर्वांत अन्याय्य फटका एका माहितीपटाला बसला, असं ठामपणे म्हणावं लागेल. पॉर्न चित्रपटांत काम करणारी नटी त्यात आपलं काम, आपलं आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगते. १९७५च्या शरद ऋतूत तो न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित महोत्सवात दाखवला गेला, आणि मायदेशी त्याच्यावर ‘एक्स’चा शिक्का बसला. कल्पित नटीला पुरस्कार मिळाला, खऱ्या नटीचं म्हणणं राखीव थिएटरात गेलं. पुढे या चित्रपटांची बजेटं आटली आणि तिथून मुख्य प्रवाहात यायची वाट आणखी अरुंद झाली.

१९९०मध्ये वयाची वरची मर्यादा १८वरून १६वर आली. आता १६ आणि ‘एक्स’ यांच्यामध्ये काहीच उरलं नाही. २०००च्या उन्हाळ्यात हे अंगाशी आलं. एका स्त्री-दिग्दर्शित हिंसक चित्रपटाच्या दोन्ही नायिका पॉर्न चित्रपटांत काम केलेल्या होत्या. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याचा १६ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचा परवाना रद्द केला. २००१मध्ये १८ वर्षांची अट पुन्हा आणली गेली आणि चित्रपट त्या अटीसह नेहमीच्या थिएटरांत परतला.