पार्श्वभूमी : देणगी कुणाला, हे वर्गाने ठरवायचं तेव्हा

ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत समाजकार्य म्हटलं की तीन गोष्टी हमखास होतात. रक्तदान शिबिर, तलावाकाठची किंवा खाडीकाठची सफाई, आणि वह्या-कपडे गोळा करून येऊरच्या नाहीतर शहापूरच्या पाड्यावर वाटणं. तिन्हींत विद्यार्थी मनापासून राबतो. पैसा कुणाला द्यायचा, किती द्यायचा आणि कुणाला नाही म्हणायचं, हा निर्णय मात्र त्याच्यापर्यंत येत नाही. तो विश्वस्त मंडळाच्या बैठकीत होतो. हा निर्णय शिकवता येतो, आणि त्यासाठी वर्गाच्या हाती खरा पैसा द्यावा लागतो, अशा समजुतीवर अमेरिकेतल्या विद्यापीठांत सुमारे पंचवीस वर्षांपासून अभ्यासक्रम चालू आहेत. इथे तसा वर्ग काढायचा तर आधी आपल्या दानाच्या सवयी पाहायला हव्यात.

आपल्याकडचा विद्यार्थी पूर्वी दान घेणारा होता. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सात दिवसांची सात घरं असत. पुढे दान गोळा करण्याच्या फार चांगल्या पद्धती इथे रुजल्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. त्याच वर्षी पणजीत मुष्टिफंड सुरू झाला. रोजच्या शिध्यातून बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर तिथे शिक्षणाचं काम उभं राहिलं. थोडं थोडं, पुष्कळांकडून आणि नेमाने घ्यायचं, ही रीत आपण इतकी आत्मसात केली की गल्लीतलं पोरही पावतीपुस्तक बिनचूक सांभाळतं. जमलेल्या पैशाचं काय करायचं, हे मात्र नेहमी चार वडीलधाऱ्यांनी ठरवलं.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर हा तिचा हिशेब आजही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाच्या प्रकल्पांना क्रेडिट मिळू लागलं, तेही तास मोजूनच. श्रम मोजायला आपण शिकलो. सारासार विचार मोजायची सोय अजून झालेली नाही.

अमेरिकेत ही गोष्ट दोन वाटांनी आली. १९८५ मध्ये ब्राउन, जॉर्जटाउन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या प्रमुखांनी कॅम्पस कॉम्पॅक्ट ही संघटना काढली आणि सेवेला अभ्यासक्रमात जागा मिळू लागली. मिशिगनमध्ये १९८८ नंतर केलॉग फाउंडेशनच्या मदतीने स्थानिक निधीसंस्थांमध्ये शाळकरी मुलांच्या सल्लागार समित्या बसल्या; अनुदानाचे अर्ज ही मुलं वाचत. नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात २००० च्या सुमारास मेयरसन फाउंडेशनच्या पैशातून या दोन्ही वाटा एकत्र आल्या. वेगवेगळ्या विषयांच्या वर्गांना लहानशी रक्कम मिळे आणि सत्र संपेपर्यंत ती एखाद्या संस्थेला द्यायची असे. तिथेच दोन प्रकार रूढ झाले. एकात पैसा वर्गाच्या हाती असतो आणि निर्णयही वर्गाचाच. दुसऱ्यात वर्ग अर्ज तपासून शिफारस करतो, शेवटची सही देणाऱ्याची.

पुढे वॉरन बफे यांच्या थोरल्या बहिणीने, डोरिस बफे यांनी, एका वर्गाला १० हजार डॉलर या प्रमाणात हा प्रयोग अनेक विद्यापीठांत नेला. ओहायो, मिशिगन आणि केंटकी या तीन राज्यांत सरकारी पैशावर असाच कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यामागच्या योजनेची तरतूदच काढून घेतल्यावर तो थांबला. एकाच दात्यावर वर्ग उभा केला की असं होतं.

हा नमुना जसाच्या तसा इथे आणता येत नाही. परदेशी फाउंडेशनचा पैसा घेऊन महाविद्यालयाने दुसऱ्या संस्थेला देणं एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं आहे, मग दोघांकडे नोंदणी असली तरीही. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायचा, पैसा ठाणे-बेलापूर पट्ट्यात भरपूर आहे: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण त्या खर्चाची मंजुरी कंपनीच्या संचालक मंडळाचीच असते, म्हणून तिथे विद्यार्थ्यांना फार तर शिफारस करता येते. हे पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगावं. निर्णय तुमचा म्हणून राबवून घ्यायचं आणि शेवटी यादी बदलायची, याने वर्गाचा विश्वास कायमचा जातो.

महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेने स्वतःच्या पैशातून दुसऱ्या धर्मादाय संस्थेला १ लाख दिले, तर २०२३ च्या वित्त कायद्यानंतर आयकरासाठी त्यातले ८५ हजारच तिच्या कामावरचा खर्च म्हणून धरले जातात. शिवाय असं देणं तिच्या घटनेतल्या उद्दिष्टांत बसायला हवं. विद्यार्थी देणगीचे डबे घेऊन स्टेशनबाहेर उभे राहणार असतील तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच.

सर्वांत सुटसुटीत मार्ग माजी विद्यार्थ्यांचा आहे. चार-पाच जणांनी मिळून रक्कम आधीच लेखी कबूल करायची, वर्गाने संस्था निवडायची, आणि पैसे दात्यांच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात जायचे. महाविद्यालयाच्या खात्याला मधे हात लागत नाही. पावती दात्याच्या नावे निघते, आणि संस्थेकडे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी ८०जी नोंदणी असेल तर ती सवलतही त्यालाच. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय.

वीस विद्यार्थी, १ लाख रुपये, पंधरा आठवडे हे माप पेलवतं. पहिल्या तीन आठवड्यांत विषय आणि तालुका ठरवावा. 'शिक्षण' हा विषय फार मोठा आहे, 'भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांची शाळा' हा पेलणारा. संस्थांनी भरायचा अर्ज दोन पानांपेक्षा लांब नको. २५ हजारांसाठी बारा पानं भरायला लावणं म्हणजे संस्थेच्या कार्यकर्त्याचे दोन दिवस खाणं.

त्यानंतर कागद. नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची तिथली नोंद. हा उतारा विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावा. त्यात बऱ्याचदा वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात, कारण विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. त्यामुळे बँक नव्या सह्या घेत नाही आणि चांगल्या संस्थेचंही खातं अडकतं. असा उतारा दिसला की मुलं लगेच घोटाळा म्हणतात. तिथे शिक्षकाने थांबवून बदल अर्जाची पोच मागायला सांगावी. पोच असेल तर तो कार्यालयीन विलंब आहे. नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

गुणांकनात सर्वांत जास्त घोटाळा होतो. १ ते ५ गुण दिले की सगळे ३ आणि ४ च्या मधे अडकतात, सहा संस्थांची सरासरी ३.४ ते ३.८ येते आणि कुणीतरी म्हणतं, "सगळ्यांना थोडं थोडं देऊ." १ लाखाचे सहा भाग म्हणजे प्रत्येकी साधारण १६,७००, ज्यात कुणाचंच काम पुढे सरकत नाही. उपाय साधा आहे: आकड्याआधी एका वाक्यात कारण लिहायचं, आणि जास्तीत जास्त तीनच संस्था, हे पहिल्या आठवड्यात ठरवून टाकायचं. ज्याने एखाद्या संस्थेत काम केलं आहे किंवा ज्याचं नातलग तिथे आहे, त्याने त्या चर्चेच्या वेळी बाहेर बसावं.

दुसरी चूक पगाराला नाही म्हणण्याची. टॅब आणि पंखे दिसतात, म्हणून मुलांना तेच द्यावेसे वाटतात. भट्टीवरची शाळा मात्र शिकवणाऱ्या ताईच्या मानधनावर चालते. ताई गेली की टॅब पेटीत.

वेळापत्रकाचा घोळ याहून अवघड. वीटभट्टीवर राबणारी कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाआधी गावी परततात. दुसऱ्या सत्रातल्या वर्गाचा निर्णय मार्चमध्ये होतो, पैसे एप्रिलमध्ये पोचतात, तेव्हा भट्ट्या बंद व्हायला आलेल्या असतात. असा विषय घ्यायचा तर वर्ग जूनला सुरू करून निर्णय नवरात्राआधी व्हायला हवा, म्हणजे नोव्हेंबरचं मानधन हातात पडतं. गणपतीची सुट्टी आणि अंतर्गत परीक्षा मिळून दोन आठवडे जातात, तेही आधीच वजा करावेत. भेटी दोघादोघांनी द्याव्यात, प्रश्न लिहून न्यावेत, आणि मुलांचे फोटो काढू नयेत.

रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, ७० आणि ३० टक्के. दुसऱ्या हप्त्यासाठी एका पानाचा खर्चाचा तपशील पुरतो. ज्यांना नाही म्हटलं त्यांना कारणासह पत्र जायला हवं, तेही निर्णयानंतर आठवडाभरात. दुसऱ्या हप्त्याची वेळ येईपर्यंत मूळ वर्ग परीक्षा देऊन पांगलेला असतो, म्हणून तो तपशील मागवणं, वाचणं आणि उरलेले ३० टक्के सोडावेत की नाही हे ठरवणं, हे पुढच्या बॅचचं पहिल्या आठवड्यातलं काम ठेवावं.