ओखामंडळचा किनारा आणि बडोदा

बडोद्याहून सौराष्ट्र मेलने द्वारकेला जाणारी मराठी मंडळी गोमतीस्नान, जगत मंदिर, बेट द्वारका एवढं उरकून परतीची गाडी धरतात. बेटावर देवळापासून दांडी हनुमानाकडे आणि पुढे किनाऱ्याने जाणारी वाट आजी-आजोबांनाही जमेल इतकी सपाट आहे, पण तिकडे फारसं कुणी वळत नाही. हा सगळा भाग, म्हणजे ओखामंडळ, एकेकाळी बडोदा संस्थानात होता.

१८१६ ते १८२० च्या दरम्यान इंग्रजांनी वाघेर या इथल्या लढाऊ जमातीकडून ओखामंडळ जिंकून गायकवाडांच्या हवाली केलं. वाघेरांनी हा अंमल मनापासून कधीच मानला नाही. १८५७ नंतरच्या उठावात जोधा माणेक आणि मुळू माणेक यांची नावं गाजली. १८५९ मध्ये इंग्रजी जहाजांनी बेटावर तोफा डागल्या, किल्ला उद्ध्वस्त झाला, देवळांचंही नुकसान झालं. गायकवाडीचा अभिमान बाळगताना आपण बडोदेकरांनी ही बाजूही सांगितलीच पाहिजे.

सयाजीराव महाराजांच्या काळात या समुद्राकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं. १९०५-०६ च्या हिवाळ्यात मोत्यांच्या शिंपल्यांचे जाणकार जेम्स हॉर्नेल इथे आले. दरबारला हवं होतं मोती आणि शंखांचं उत्पन्न. बेटाचं जुनं नावही शंखोद्धारच. पण हॉर्नेल यांनी स्पंज, प्रवाळ, समुद्री गोगलगायी असं सगळंच गोळा केलं आणि त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं. बडोदा सरकारसाठीचा हा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत निघाला. महसुलाच्या हिशेबातून इतकं मोलाचं प्राणिशास्त्र उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झालं. पुढे १९८२ मध्ये कच्छच्या आखाताच्या या दक्षिण किनाऱ्यावर देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यांपाशी उकिडवं बसून थोडं थांबावं. आधी नुसती वाळू दिसते. मग एखादा शंख चालू लागतो, कारण आत संन्यासी खेकडा असतो. काठावर राखाडी समुद्रबगळा मासा टिपायला टपलेला असतो आणि नशीब असेल तर खाडीत डॉल्फिनची पाठ दिसते. २०२४ पासून सुदर्शन सेतूवरून गाडी थेट बेटावर जाते. मात्र निघण्याआधी ओहोटीची वेळ बघावी, उद्यानाच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी काढावी, आणि शंख-शिंपले जिथले तिथे राहू द्यावेत.